कारच्या स्पीकरमधून मिडबास येत नाही? नवीन खरेदीच्या आधी दार तपासा

गाडीत नवीन स्पीकर बसवले. आवाज मोकळा झाला, गाण्याचे शब्द नीट कळायला लागले, झांजांची किणकिण अगदी कानाजवळ आली. पण ढोलकीचा ठोका? तो अजूनही पत्र्याच्या डब्यावर टिचकी मारल्यासारखाच. दुकानात परत गेलं की बहुतेक वेळा दोनपैकी एक उत्तर मिळतं: "सबवूफर टाका" किंवा "याच्यापेक्षा भारी स्पीकर घ्या." दोन्हींत खिसा आपलाच रिकामा होतो, आणि बऱ्याचदा ठोका तरीही येत नाही.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे, ऑडिओचं दुकान चालवत नाही. पण कामाची सवय अशी की एखादी गोष्ट नीट चालत नसेल तर नवीन काही विकत घेण्याआधी अडलंय कुठे ते शोधायचं. माझ्या सेकंड हँड हॅचबॅकवर मी हेच केलं. त्यातून जे कळलं आणि त्यामागचं जे साधं विज्ञान आहे, ते इथे सांगतो. तपासणीसाठी लागणारं बरंचसं साहित्य तुमच्या खिशात आधीपासून आहे: तुमचा फोन.

मिडबास म्हणजे नेमकं काय?

आवाज म्हणजे हवेची कंपनं. एका सेकंदात किती कंपनं होतात ते हर्ट्झमध्ये मोजतात. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं. यातला खालचा भाग ढोबळमानाने असा वाटता येतो:

- २० ते ६० हर्ट्झ: सबबास. हा ऐकू येण्यापेक्षा अंगाला जास्त जाणवतो. काचा थरथरतात तो हाच.
- ८० ते २५० हर्ट्झच्या आसपास: मिडबास. ढोलकीच्या डाव्या बाजूचा भरीव ठोका, तबल्याच्या डग्ग्याची घुमक, ड्रमच्या किकचा धक्का, बेस गिटारचा बराचसा भाग आणि पुरुषाच्या आवाजातला भरदारपणा इथे असतो.
- त्याच्या वर: शब्द, सूर, बासरी, हलगीची कडकड, झांजा.

या सीमा काटेकोर नाहीत. वेगवेगळे लोक थोड्या वेगवेगळ्या सांगतात. पण एक अंदाज घ्या: बेस गिटारची सगळ्यात जाड तार मोकळी वाजवली तर ४१ हर्ट्झचा सूर देते आणि सगळ्यात बारीक तार ९८ हर्ट्झचा. म्हणजे एकाच वाद्याचा अर्धा भाग सबवूफरच्या वाट्याला जातो आणि अर्धा दारातल्या स्पीकरच्या.

म्हणूनच लावणी लावली की हलगी कडक वाजते, पण ढोलकी पोकळ वाटते. हलगीची ऊर्जा वरच्या पट्ट्यात आहे, तो पट्टा कुठलाही छोटा स्पीकर सहज वाजवतो. ढोलकीचा भरीव भाग मिडबासमध्ये आहे आणि गाडीत सगळ्यात जास्त तोच हरवतो.

मग सबवूफरने का भागत नाही?

गाडीची केबिन लहान आणि बंद असते. साधारण ६०-७० हर्ट्झच्या खाली आवाजाची लाट केबिनपेक्षा खूप लांब होते, आणि स्पीकर अख्ख्या केबिनमधला हवेचा दाबच वरखाली करायला लागतो. त्यामुळे खूप खालच्या आवाजाला केबिन स्वतःच मदत करते. छोट्या गाडीतला छोटा सबवूफरही दणकट वाटतो तो यामुळेच.

मिडबासला ही फुकटची मदत मिळत नाही. तो दारातल्या स्पीकरलाच तयार करावा लागतो. सबवूफरला १५०-२०० हर्ट्झपर्यंत वाजवायला लावलं, तर आवाज डिकीतून येतोय हे लगेच कळतं. गायक समोर आणि ढोलकीवाला मागे बसलाय, असं वाटायला लागतं.

खरा अडथळा: स्पीकरची मागची बाजू

स्पीकरचा कोन पुढे सरकला की पुढची हवा दाबली जाते. पण त्याच क्षणी मागची हवा विरळ होते. म्हणजे एकच स्पीकर एकाच वेळी दोन आवाज काढतो, एक पुढून आणि एक मागून, आणि ते दोन्ही एकमेकांच्या बरोबर उलट असतात. हे दोन आवाज भेटले की एकमेकांना खाऊन टाकतात.

वरच्या पट्ट्यात याचा फारसा त्रास होत नाही, कारण तिथे लाटा आखूड असतात. हवेत आवाजाचा वेग साधारण ३४३ मीटर प्रति सेकंद. ३,००० हर्ट्झची लाट जेमतेम ११ सेंटीमीटर लांब, पण १०० हर्ट्झची लाट जवळपास साडेतीन मीटर. इतक्या लांब लाटेसाठी स्पीकरची पुढची आणि मागची बाजू जणू एकाच जागी असते. मागची लाट वळसा घालून सहज पुढे येते आणि ठोका गायब होतो.

घरी करून बघण्यासारखा एक प्रयोग आहे. जुन्या म्युझिक सिस्टिमचा सुटा स्पीकर असेल तर तो हातात धरून हळू आवाजात वाजवा. आवाज चिरका येईल, बास जवळजवळ नाहीच. आता मोठ्या खोक्याच्या जाड पुठ्ठ्याला स्पीकरच्या मापाचं भोक पाडा, तिथे स्पीकर घट्ट दाबून धरा आणि तेच गाणं लावा. स्पीकर तोच, पॉवर तीच, पण आवाज एकदम भरतो. पुठ्ठ्याने एवढंच केलं की पुढच्या आणि मागच्या आवाजामध्ये भिंत उभी केली.

गाडीत ही भिंत म्हणजे दार. आणि दार ही भिंत म्हणून फारच गळकी असते.

दाराच्या आत काय असतं?

बाहेरून दिसतो तो बाहेरचा पत्रा. आतून दिसतं ते प्लास्टिकचं डोअर पॅड. या दोघांच्या मध्ये आतला पत्रा असतो आणि स्पीकर बहुतेक गाड्यांमध्ये त्यावरच बसवतात. काच, पॉवर विंडोची मोटर, लॉक यांचं काम करता यावं म्हणून या आतल्या पत्र्याला मोठमोठी भोकं ठेवलेली असतात. काही तळहाताएवढी, काही त्याहून मोठी. त्यावर कंपनी एक पातळ प्लास्टिकचा कागद चिकटवते. तो पाणी अडवतो, आवाज अडवत नाही.

म्हणजे स्पीकरची मागची लाट या भोकांतून बाहेर पडते आणि डोअर पॅडच्या फटींमधून सरळ पुढच्या लाटेला येऊन भेटते. त्यात बाहेरचा पत्रा पातळ असल्यामुळे तोही थरथरतो आणि स्पीकरची काही ऊर्जा तिथे वाया जाते. कितीही महागडा स्पीकर या दारात बसवला, तरी त्याला हीच अडचण येणार. तुमचे पैसे वाचवणारी बाब हीच.

आधी फोनने तपासा: अर्ध्या तासाचं काम

दोन फोन घ्या, एक वाजवायला आणि एक ऐकायला. फायफॉक्स नावाचं मोफत ॲप आहे, जर्मनीतल्या आखेनच्या आरडब्ल्यूटीएच विद्यापीठाने बनवलेलं. त्यात ठरावीक हर्ट्झचा सूर वाजवायची सोय आहे आणि आवाजाची पातळी मोजायचीही. फक्त आलेख बघायचा असेल तर अँड्रॉइडवर स्पेक्ट्रॉइड चालतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. फोनचा माइक बोलणं टिपण्यासाठी बनवलेला असतो आणि खालचे आवाज तो कमी दाखवतो. म्हणून "माझ्या गाडीत १०० हर्ट्झला इतके डेसिबल" असा आकडा त्यावरून काढू नका. तुलना मात्र बिनधास्त करा: तोच फोन, तीच जागा, तोच व्हॉल्यूम, आधी आणि नंतर.

गाडी मोकळ्या जागी लावा, काचा वर करा. इंजिन बंद ठेवा. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन अजिबात चालू ठेवायचं नाही, तो धूर जीवघेणा असतो. व्हॉल्यूम मध्यम ठेवा आणि एकच सूर सलग फार वेळ वाजवू नका, मोठ्या आवाजात स्पीकरची कॉइल तापते.

पहिली पायरी: सगळं शून्यावर आणा. स्टिरिओचा इक्वलायझर सपाट, बास बूस्ट बंद, लाउडनेस बंद, सबवूफर असेल तर तोही बंद. फोनमधल्या म्युझिक ॲपचा इक्वलायझरही बंद करा. फेडर पूर्ण पुढे करा, म्हणजे फक्त पुढचे दोन स्पीकर वाजतील.

दुसरी पायरी: पोलॅरिटी तपासा. ऐकणारा फोन पुढच्या दोन सीटच्या बरोबर मध्ये ठेवा. १०० हर्ट्झचा सूर लावा. आधी बॅलन्स पूर्ण डावीकडे करून पातळी लिहून घ्या, मग पूर्ण उजवीकडे, मग मध्यावर. दोन्ही स्पीकर एकत्र वाजताना पातळी वाढायला हवी. ती कमी झाली, तर बहुतेक एका स्पीकरच्या प्लस-मायनस वायरी उलट्या जोडल्या आहेत. एक कोन पुढे जातो तेव्हा दुसरा मागे, आणि मिडबास मधल्या मध्ये मरतो. ८० आणि १२० हर्ट्झलाही हेच करून बघा, म्हणजे शंका राहणार नाही. नंतर बसवलेल्या स्पीकरमध्ये हा घोळ बऱ्याचदा सापडतो आणि दुरुस्तीला फक्त दोन वायरींची अदलाबदल लागते.

तिसरी पायरी: खडखड शोधा. सूर ६० हर्ट्झपासून हळूहळू २५० पर्यंत न्या. मधेच कुठेतरी दार कुरकुरेल, हँडल वाजेल, नंबर प्लेट थरथरेल. त्या जागी तळहात दाबा. खडखड थांबली की जागा सापडली. कुठल्या हर्ट्झला काय वाजतं ते लिहून ठेवा.

चौथी पायरी: पाया नोंदवा. ड्रायव्हरच्या सीटवर, डोक्याच्या जागी फोन धरून ८०, १००, १२५, १६० आणि २०० हर्ट्झच्या पातळ्या लिहून घ्या. हे पाच आकडे जपून ठेवा. पुढे जे काही कराल त्याचा उपयोग झाला की नाही, हे यांच्यावरूनच कळणार.

दाराचं काम: क्रम महत्त्वाचा

हे काम दुकानात डॅम्पिंग या नावाने करून मिळतं. हाताला सवय असेल तर सुट्टीच्या दिवशी घरीही होतं. मी मित्राला मदतीला घेऊन केलं, दोन दारांना जवळपास अख्खा रविवार गेला.

सुरू करण्याआधी एक सुरक्षेची गोष्ट. काही गाड्यांमध्ये बाजूच्या धडकेची चाहूल घेणारा दाबाचा सेन्सर दाराच्या आत असतो. धडकेत दारातली हवा दाबली जाते, ते ओळखून तो साइड एअरबॅग उघडायला सांगतो. तुमच्या गाडीत साइड एअरबॅग असतील, तर दारात असा सेन्सर आहे का हे सर्व्हिस सेंटरला विचारा. असेल तर दाराची भोकं बंद करायच्या भानगडीत पडू नका. फक्त स्पीकरची बैठक आणि सेटिंग एवढंच करा. गाडी वॉरंटीत असेल तर वायरी कापू नका, तुमच्या मॉडेलचा कपलर घेऊन जोडा.

१. स्पीकरची बैठक घट्ट करा. स्पीकर आणि पत्रा यांच्यामध्ये जो स्पेसर असतो तो लवचिक किंवा तडकलेला असेल तर बदला. घट्ट प्लास्टिकचा किंवा नीट वॉटरप्रूफ केलेल्या प्लायवूडचा स्पेसर चांगला. कच्चा एमडीएफ टाळा, दारात पाणी येतं आणि एमडीएफ फुगतो. स्पेसरच्या दोन्ही बाजूंना फोमची पट्टी लावा, म्हणजे फट राहणार नाही. स्क्रू आवळण्याआधी काच पूर्ण खाली करून बघा, मागचं मॅग्नेट काचेला लागता कामा नये.

२. बाहेरच्या पत्र्याची थरथर कमी करा. स्पीकरच्या बरोबर मागे, बाहेरच्या पत्र्याला आतून बुटाईलची शीट लावा. एका बाजूला ॲल्युमिनियम आणि दुसऱ्या बाजूला चिकट रबरासारखा थर असतो, ती. पत्रा आधी धूळ आणि तेल काढून कोरडा करा आणि शीट रोलरने दाबून बसवा. अख्खा पत्रा मढवायची गरज नसते. पत्र्याच्या मोठ्या सपाट भागाच्या मधोमध, साधारण पाव भाग झाकला तरी थरथर बरीच कमी होते. त्यापुढे वजन आणि बिल दोन्ही वाढतात, फरक तितका वाढत नाही.

३. आतल्या पत्र्याची भोकं बंद करा. मिडबाससाठी हीच सगळ्यात महत्त्वाची पायरी आहे. छोटी भोकं बुटाईलने बंद होतात. मोठ्या भोकांवर नुसती शीट लावली तर ती पडद्यासारखी हलते आणि ठोका पुन्हा वाया जातो. तिथे ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा किंवा कडक प्लास्टिकची शीट मापात कापून बसवा आणि कडा बुटाईलने सील करा. उद्या काचेची मोटर बिघडली तर हे झाकण काढता आलं पाहिजे, म्हणून कायमचं चिकटवू नका.

४. स्पीकर आणि डोअर पॅडच्या जाळीमधली फट भरा. स्पीकरच्या कडेला फोमची रिंग लावा, म्हणजे पुढचा आवाज पॅडच्या मागे न शिरता थेट केबिनमध्ये येईल.

५. खडखडीवर इलाज करा. वायरी आणि लॉकच्या सळ्या फोमच्या पट्टीत गुंडाळा. सळ्यांची हालचाल अडत नाही ना, ते बघा. पॅडच्या तुटलेल्या क्लिपा बदला.

पावसाळा विसरू नका

काचेवरून ओघळणारं पाणी दाराच्या आत जातं, हे कंपनीने गृहीतच धरलेलं असतं. ते बाहेर जावं म्हणून दाराच्या तळाला बारीक भोकं असतात. ही भोकं कधीही बंद करायची नाहीत. कोकणात किंवा मुंबईच्या पावसात ती बंद झालेली गाडी फिरवली तर दारात पाणी साचेल, पत्रा गंजेल आणि स्पीकरही जाईल. काम झालं की काचेवर बाटलीभर पाणी ओता आणि ते दाराखालून टपकतंय का ते बघा. मगच पॅड लावा.

आतला प्लास्टिकचा कागद काढला असेल, तर त्याच्या जागी केलेलं सील पाणीही अडवेल असंच करा. नाहीतर पहिल्याच पावसात पायाखालचं कार्पेट ओलं होईल.

आणि उन्हाळाही. स्वस्तात मिळते म्हणून छतावर लावायची डांबराची शीट दारात वापरतात. नागपूर-चंद्रपूरच्या उन्हात बंद गाडीचा पत्रा किती तापतो ते तिथल्यांना सांगायला नको. डांबर मऊ होतं, वास सुटतो, शीट घसरून काचेच्या यंत्रणेत अडकू शकते. घ्यायची तर बुटाईलचीच घ्या.

खोक्यावरचे वॅट आणि खरे वॅट

स्टिरिओच्या खोक्यावर "५० वॅट गुणिले ४" लिहिलेलं असतं. यातलं खरं किती, ते आपण हिशेबाने काढू. इंजिन चालू असताना गाडीत साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. वेगळा व्होल्टेज वाढवणारा सर्किट नसेल तर स्टिरिओचा आतला ॲम्प्लिफायर याहून उंच लाट देऊच शकत नाही. १४.४ ला २ च्या वर्गमुळाने भागलं की १०.२ व्होल्ट. त्याचा वर्ग १०४. त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागलं की २६ वॅट. हीसुद्धा कागदावरची कमाल मर्यादा, प्रत्यक्षात स्वच्छ आवाजासाठी २० च्या आसपासच मिळतात. ५० हा आकडा क्षणिक शिखराचा असतो. म्हणून खोक्यावर आरएमएस असं लिहिलेला आकडाच बघा.

पॉवर दुप्पट केली तर आवाज ३ डेसिबलने वाढतो. म्हणजे २० वॅटवरून ४० वर गेलात तर फरक जाणवतो, पण अचाट नसतो. गळक्या दारात तर तो मागच्या लाटेतच जातो. त्यामुळे ॲम्प्लिफायर घ्यायचाच असेल तर दाराचं काम झाल्यावर घ्या.

स्पीकर निवडताना एक आकडा मात्र बघा: सेन्सिटिव्हिटी. एक स्पीकर ९० डेसिबलचा आणि दुसरा ८७ चा असेल, आणि दोन्हींची मोजणी एकाच पद्धतीने केलेली असेल, तर पहिल्याला तेवढ्याच आवाजासाठी निम्मी पॉवर लागते. स्टिरिओवरच चालवायचं असेल तर हा फरक खोक्यावरच्या वॅटपेक्षा जास्त कामाचा. आकारही महत्त्वाचा: साडेसहा इंची स्पीकरचा कोन सव्वापाच इंचीपेक्षा साधारण दीडपट हवा ढकलतो.

सेटिंग: इथे एक रुपयाही लागत नाही

हाय पास फिल्टर. स्टिरिओमध्ये तो एचपीएफ या नावाने दिसतो. ठरवलेल्या हर्ट्झच्या खालचा आवाज तो दारातल्या स्पीकरकडे जाऊ देत नाही. बास कापून बास कसा सुधारेल? कारण असं: तेवढाच मोठा आवाज १०० ऐवजी ५० हर्ट्झला काढायचा असेल तर कोनला चौपट अंतर पुढेमागे हलावं लागतं. दारातला स्पीकर खोल बासच्या मागे धावून दमतो आणि मिडबास फाटतो. सबवूफर नसेल तर फिल्टर ५० ते ६० वर ठेवा, असेल तर ८० च्या आसपास.

मधला खड्डा. सबवूफर ६० हर्ट्झपर्यंतच वाजतोय आणि दारातले स्पीकर १२० पासून सुरू होतायत, असं सेटिंग बऱ्याच गाड्यांमध्ये दिसतं. मधला ६० ते १२० चा पट्टा कोणाच्याच वाट्याला नाही, आणि ठोका नेमका तिथेच असतो! दोन्ही आकडे ८० च्या जवळ आणा. मग सबवूफरची पोलॅरिटी दोन्ही बाजूंनी बदलून ८० हर्ट्झचा सूर ऐका आणि ज्या स्थितीत तो जास्त भरीव येतो ती ठेवा.

टाइम अलाइनमेंट. आपल्याकडे ड्रायव्हर उजवीकडे बसतो. समजा उजवा स्पीकर कानापासून ९० सेंटीमीटरवर आहे आणि डावा १५० वर. ६० सेंटीमीटरचा फरक म्हणजे १.७५ मिलिसेकंदांचा उशीर. या फरकामुळे साधारण २८५ हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि त्याच्या खालीही पकड ढिली होते. स्टिरिओत ही सोय असेल तर टेपने अंतर मोजा आणि जवळच्या स्पीकरला तेवढा उशीर द्या. काही स्टिरिओ सेंटीमीटर विचारतात, काही मिलिसेकंद.

इक्वलायझर सगळ्यात शेवटी. १०० ते १२५ हर्ट्झची पट्टी दोन-तीन डेसिबल वर नेऊन बघा. त्याहून जास्त लागत असेल तर अडचण दुसरीकडे आहे. ६ डेसिबल वाढवले की त्या पट्ट्यात चौपट पॉवर लागते आणि १० वाढवले की दहापट. २० वॅटच्या स्टिरिओकडून ही मागणी केली की आवाज फाटणारच. कधीकधी २५० ते ४०० हर्ट्झचा भाग थोडा कमी केला तरी घुसमट जाते आणि ठोका आपोआप उठून दिसतो.

फोनच्या बाजूने काय बघायचं?

बास कमी वाटला की ब्लूटूथला शिव्या घालायची पद्धत आहे. ब्लूटूथ आवाज दाबून पाठवतो हे खरं, पण त्याचा फरक जाणवलाच तर तो मुख्यतः वरच्या, बारीक आवाजांत जाणवतो. मिडबास त्याने जात नाही. खात्री करायची असेल तर तेच गाणं यूएसबीवरून लावून बघा.

दोन गोष्टी मात्र खरोखर तपासा. एक, फोन आणि स्टिरिओ दोन्हीकडे इक्वलायझर चालू असेल तर एक बंद करा. फोनमध्ये बास चढवला की सिग्नल स्टिरिओपर्यंत पोहोचायच्या आधीच फाटू शकतो. दोन, फोनचा व्हॉल्यूम जवळपास पूर्ण ठेवा आणि कमी-जास्त स्टिरिओवरून करा.

आणि ऐकतानाचा व्हॉल्यूमही लक्षात घ्या. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकन संशोधकांनी १९३३ मध्ये दाखवून दिलं की कमी आवाजात माणसाच्या कानाला खालचे सूर जास्तच मंद ऐकू येतात. त्यामुळे हळू आवाजात बास कमी वाटणं हा स्पीकरचा दोष नाही, लाउडनेसचं बटण त्यासाठीच असतं. हायवेवर टायर आणि वाऱ्याचा घुमणारा आवाजही याच पट्ट्यात बसतो आणि मिडबास झाकतो. दाराचं डॅम्पिंग तिथेही थोडी मदत करतं.

पैसे कुठल्या क्रमाने घालायचे?

१. सेटिंग आणि पोलॅरिटी: फुकट.
२. स्पीकरची बैठक आणि फोमच्या रिंगा: अगदी थोडा खर्च.
३. पुढच्या दोन दारांचं डॅम्पिंग आणि सीलिंग: मध्यम खर्च. मागची दारं सध्या सोडून द्या.
४. इथपर्यंत आलात की ते पाच आकडे पुन्हा मोजा आणि नेहमीची चार गाणी ऐका.
५. तरीही कमी वाटलं तर चांगल्या सेन्सिटिव्हिटीचे स्पीकर, मग ॲम्प्लिफायर.
६. खोल बास हवा असेल तर सबवूफर.

दुकानात काम देणार असाल तर तीन प्रश्न आधीच विचारा. आतल्या पत्र्याची मोठी भोकं कशाने बंद करणार? तळाची पाण्याची भोकं मोकळी ठेवणार ना? काम झाल्यावर दोन्ही स्पीकरची पोलॅरिटी तपासून दाखवणार का? पहिल्याच प्रश्नाला "शीट मारून देतो, काळजी करू नका" एवढंच उत्तर आलं, तर दुसरं दुकान बघा.

माझ्या गाडीत अजून जुनेच स्पीकर आहेत. दारांचं काम झाल्यावर १०० आणि १२५ हर्ट्झचे आकडे स्पष्ट वर गेले, २०० चा फारसा हलला नाही. ढोलकी आता दारातून न येता समोरच्या डॅशबोर्डवरून आल्यासारखी वाटते. नव्या स्पीकरसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांत गाडीचे पुढचे दोन टायर आले.